पंख्यातला पिवळा तांदूळ

हैदराबाद. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, २००८.

भंगार म्हणे! आजही फोनवर बाबांचं तेच. "सातवी शिकलेला पोरगा कंप्युटर बनवते काय? पाच मिनिटं चालते अन् बंद पडते. गोंदियाचा दुकानदार उद्या जुना नेऊन नवा देते. वरचे पैसे पाठव."

कायले पाठवू? एकेक भाग इथल्या जुन्या बाजारात पारखून मी तो जोडला अन् गावी घरी पाठवला. त्याच्यावर लोकांचे अर्ज टाइप करून माझी बहीण मंजू कॉलेजची फी भरते. दुकानदाराने नेला अन् नवा दिलाच नाही तर?

मंजूला फोनवर घेतलं. "बाजूचं झाकण काढ. आतला पंखा फिरून राहिला काय?"

"नाही दादा, अडकला. पिवळा तांदूळ हाये आत."

पिवळा तांदूळ! दसऱ्याला आईने नांगर-विळ्यासंग कंप्युटरही पुजला, अन् अक्षता वरच्या जाळीतून आत गेल्या. पंखाच फिरेना तर तापेल नाही तर काय? तापला की तो स्वतःच बंद होते. याला बिघाड म्हणतात?

मंजूने झाडूच्या काडीने दाणे काढले. पंखा फिरला, दाण्यांनी घासल्यानं घरघर करत, पण अर्धा तास झाला तरी कंप्युटर बंद पडला नाही. मागून बाबा, "तांदळानं कुठं मशीन बंद पडते!" पडते ना बाबा, पडलीच.

आईला मी रागावलो नाही. अख्ख्या घरात तिनेच त्याला नांगराशेजारी बसवलं. भंगाराला कोणी अक्षता वाहते काय?

नव्या कंप्युटरसाठी एक रुपया देणार नाही. उद्या मंजूच्या नावाने नव्या पंख्याचे पाठवतो, दीडशे रुपये.