मातृभोजनाचं ताट

२ एप्रिल

चि. धाकटीस,
मोठ्या जावेचे मनापासून आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. तुझ्या भुंग्याच्या मुंजीसाठी ह्यांनी घड्याळाचं दुकान चार दिवस बंद ठेवायचं कबूल केलंय. ह्यांच्या लेखी याहून मोठा आहेर नाही. भुंग्याचं गुणगुणणं चालूच असेल. त्याला म्हणावं, गायत्री मंत्र तरी नाकातून म्हणू नकोस.

आता मुद्द्याचं. मुंज लागायच्या आधी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. गुरुजींचं म्हणणं पडलं की त्या पाटावर सवाष्णच हवी. तेव्हा मातृभोजनाला मी बसेन. वडिलांच्या जागी हे आहेत, शेजारी मी, तेही जुळून येतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. स्वयंपाकघराकडे कुणी जाणतं माणूस हवंच, तिकडचं तू बघ. मी मोरपंखी साडी घेतली आहे. ह्यांना विचारलं कशी दिसते, तर म्हणाले, बरोबर दिसते. घड्याळवाल्याकडून आणखी काय ऐकायला मिळणार!

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मोठी

७ एप्रिल

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

गेल्या महिन्यात आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात संस्कारांच्या पोथीचे छापील कागद आले होते. घड्या घालता घालता मी वाचत बसते, हे तुम्हाला माहीत आहे. मालक म्हणतात, बाई, न वाचताही पुस्तक बांधता येतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, त्यातलं सगळं मला कळलं नाही. गर्भापासून चितेपर्यंत माणसाचं सगळं त्यात ओळीनं होतं. मातृभोजनापाशी आईनं मुलासह जेवावं एवढंच लिहिलं होतं. तिचा नवरा आहे का, हे विचारलेलं नव्हतं.

तरी म्हटलं, गुरुजी जास्त जाणतात. काल कारखान्यातून त्यांनाच फोन लावला. ते चकितच झाले. म्हणाले, मी असं बोललोच नाही. उलट तुमच्या मोठ्या जाऊबाईंनी मला सांगितलं की मुलाच्या आईलाच बसायचं नाही.

मी असं कधी म्हणाले?

हे गेले तेव्हा दहाव्याला पाच वर्षांच्या भुंग्याकडून भावजींनी सगळं करवून घेतलं, आणि मला आतल्या खोलीत बसवलं. कुणी बसवलं तेही आठवत नाही. मी बसले, कारण अंगात बळ नव्हतं. आता आहे. मुलाच्या मुंजीत मी आत बसणार नाही. हे भावजींचं काम आहे की तुमचं, ते सरळ कळवा. मुंज बारा दिवसांवर आली.

राग धरा, पण उत्तर अडवून धरू नका.
तुमची धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

ह्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मीच बोलले. गुरुजींना तुझं नाव सांगितलं आणि तुला गुरुजींचं. तू सरळ फोन लावशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

धाकट्या भावजींच्या आजारपणात तू त्यांच्या उशाशी होतीस आणि भुंगा माझ्याकडे. दोन वर्षांचं पोर, घासच घेईना. मी माझ्या ताटातलं आधी खाऊन दाखवायचे, मग त्याचं तोंड उघडायचं. तीन वर्षं तो माझ्याच ताटात जेवला. मग भावजी गेले आणि तेराव्यानंतर तू त्याला घेऊन गेलीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. त्याची पिशवी मीच भरली. पण मोठे, आता तू कुणाबरोबर जेवणार, असं मला कुणी विचारलं नाही.

माझ्या पोटी मूल नाही. बारसं, उष्टावण, जावळ, सगळं मी दुसऱ्यांच्या घरी अक्षता टाकायला जाऊन बघितलं. एका दुपारी आई म्हणून पाटावर बसावं, एवढंच मनात होतं. तुझ्याकडे तो रोज आहे. एक जेवण मी तुझ्याकडे मागायला हवं होतं. मागितलं असतं तर तू दिलंही असतंस, कोण जाणे. मी चोरायला गेले.

आता हे येतील, मी येत नाही. त्या ताटाकडे बघत उभं राहणं मला जमणार नाही.

उत्तर नाही आलं तरी समजून घेईन.
मोठी

२० एप्रिल

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

काल मुंज पार पडली. पाटावर मी बसले.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मी डगमगले. द्यावं तुम्हाला, असंही वाटलं. पण नाही जमलं. दवाखान्यात ह्यांनी दोन घास घेतले होते, आणि उरलेलं मी संध्याकाळसाठी झाकून ठेवलं होतं. ते शेवटचं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या खेपेला दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. शेवटचं आहे हे ठाऊक असताना शेजारी बसून जेवायला मिळत होतं. मागितलं असतंत तरी मी दिलं नसतं.

मी बसल्यावर बायकांत कुजबुज झाली. एक जण मोठ्यानं म्हणाली की मुहूर्त टळेल. भावजींनी मनगट तिच्यापुढं धरलं आणि सांगितलं, अजून अकरा मिनिटं आहेत, तिला जेवू द्या. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मी विचारलं नाही.

भुंगा गुणगुणत नव्हता. चौथ्या घासाला त्यानं विचारलं, काकू का नाही आली? म्हटलं, रागावली आहे. कुणावर? माझ्यावर. तर म्हणतो, मग सॉरी म्हण, ती मोठी आहे ना. मी म्हटलं, चूक तिचीही आहे. त्यावर म्हणाला, मग दोघी म्हणा, आणि भात इकडे सरकव.

मी पोटभर जेवले.

तुम्ही खोटं बोललात, ते मी विसरणार नाही. विसरले असं लिहिलं तर तेही खोटंच. पण तेराव्यानंतर पोराला घेऊन निघाले तेव्हा मी वळून तुमच्याकडे बघितलं नाही, तेही विसरणार नाही.

हे पत्र भावजींच्या हाती देते आहे आणि त्यांच्याबरोबर भुंग्यालाही पाठवते आहे, सुट्टीभर. डोकं तुळतुळीत आहे, हसू नका, तो चिडतो. आता त्याला माझ्या ताटात जेवता येणार नाही. म्हणून निघताना गुरुजींना विचारून घेतलं की मुंज झालेल्या मुलानं काकूच्या ताटात जेवलेलं चालतं का. ते म्हणाले, असं आजवर मला कुणी विचारलंच नाही.

म्हणजे चालतं, असं मी धरलं आहे.

तुमची धाकटी