मेकॅनिक घरात येणार नाही

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.४०
मशीन स्पिन होत नाही. डावा टब कपडे धुतो, उजवा नुसता घुर्रर्र करतो आणि बसतो. सेमी-ऑटोमॅटिक घेऊ नको, असं मी तेव्हाच सांगत होतो. (प्रमिला म्हणते, हीच घ्यायची म्हणून दुकानात हट्ट मीच धरला होता. तिची स्मरणशक्ती हल्ली दगा देते.)

संताप याचा, की परवाच दसऱ्याला या मशीनची पूजा केली. हळदकुंकू लावून झेंडू चिकटवला, असली घरगुती पूजा नव्हे. मसाटला आमच्या यार्नच्या फॅक्टरीत करतो तशी, रीतसर. पॅनेल उघडायचं, लाल कापडात बांधलेला नारळ आत ठेवायचा, पॅनेल बंद. वर्षभर चिंता नाही. इथंही मागचं कव्हर खोललं, मोटरच्या शेजारी नारळ नीट बसवला, कव्हर लावलं. आणि दोन दिवसांत हे! कंपन्यांना देवाचीही भीती राहिलेली नाही.

११.१५
प्रमिलेनं विचारलं, लखन मेकॅनिकला बोलवू का. आवाज चढवावा लागला. अठरा वर्षं मेंटेनन्स इनचार्ज आहे मी. दोनशे चाळीस स्पिंडल माझ्या जिवावर गरगर फिरतात. त्या माणसाच्या घरात मेकॅनिक? सोसायटी काय म्हणेल? सोमवारपर्यंत मशीन फिरेल. लिहून ठेवतो. लिहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार
वरचं पॅनेल उघडलं. टायमर बाहेर काढला, फुंकला, परत बसवला. अकरा स्क्रू काढले होते, नऊ लागले. दोन जादाचे होते. वजन वाढवायला टाकतात हरामखोर.

स्पिन नाही.

प्रमिलेनं बादलीभर कपडे हातानं पिळले. पिळताना एकदा हाय केलं. तिच्या उजव्या मनगटातली शीर दोन वर्षांपूर्वी सुजली होती, पिळायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तर ही मशीन आणली. म्हणजे बघा, कंपनी आजारी माणसाशीही असं वागते.

६ ऑक्टोबर, सोमवार
सोमवार म्हणजे या सोमवारी, असं मी म्हटलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
फॅक्टरीत सहज विषय काढला. भिका फिटर, धुळ्याकडचा, कोणी विचारलं नसताना बोलला, साहेब, पहिले मांगलं झाकण खोला ना, फिरणारं समदं मांगेच ऱ्हातं. मी शांतपणे समजावलं, की मागची बाजू मी दसऱ्याला जातीनं पाहिली आहे. तिथं देव बसवला आहे. देव बसवला त्याच जागी बिघाड कसा होईल? भिका म्हणाला, देव कुठं बसवला पण साहेब? मी त्याला खडोलीच्या गोदामात व्हॉल्व्ह मोजायला पाठवलं. लोकांना तर्क म्हणून काही राहिलेला नाही.

संध्याकाळी
भिकाचा अडाणीपणा प्रमिलेला सविस्तर सांगितला. दोष कपॅसिटरचा. किलवणी नाक्यावरून नवा आणला. दुकानदार विचारतो, किती मायक्रोफॅरडचा. म्हटलं, असेल त्यात मोठ्यातला मोठा द्या. तो म्हणाला, भाई, जुना दाखवा. ग्राहकाचा अपमान करण्याचा धंदा आहे हा.

बसवला. घुर्रर्र आता दुप्पट जोरात. प्रगती आहे. नंतर मजल्याची लाइट गेली. हे वायरिंग बिल्डरचं, माझं नव्हे, असं जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. अंधारात कोण कोण हसलं ते दिसलं नाही, पण मी आवाज ओळखतो.

८ ऑक्टोबर, बुधवार
जुना कपॅसिटर परत लावला. नव्यात दम नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार
कस्टमर केअर. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी हिंदीत विचारते, सर, ढक्कन बंद है ना? माझं डोकं सटकलं. मी माझं पद सांगितलं. फॅक्टरीचं नाव सांगितलं. स्पिंडलची संख्या सांगितली. ती म्हणाली, जी सर, लेकिन ढक्कन? फोन ठेवला. (जाऊन पाहिलं. बंद होतं.)

खालच्या मजल्यावरचे कल्पेशभाई वर आले. आमच्या चादरींचं पाणी त्यांच्या पापडांवर टपकतंय म्हणे. मशीन नथी चालतुं? असं विचारलं. चालतंय, पण मेंटेनन्समध्ये आहे, असं मी बाणेदारपणे सांगितलं. तर म्हणाले, भाभींना सांगा, अमारे त्यां स्पिन करी जाय, अमारी फुल ऑटोमॅटिक छे. फुल ऑटोमॅटिक! माणूस पापड वाळवतो गॅलरीत आणि रुबाब बघा.

फॅक्टरीतून लाल पाटी आणून मशीनवर टांगली : ‘दुरुस्ती चालू आहे. हात लावू नये.’ शिस्त हवी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
पाटीवर माझ्याच ओल्या चड्ड्या वाळत घातलेल्या आढळल्या. चौकशी केली.

प्रमिलेनं मनगटाला पट्टी बांधली आहे. तिच्या शाळेतले सहामाहीचे पेपर डाव्या हातानं तपासते. लाल बरोबरची खूण फुलीसारखी येते, मुलं रडतील म्हणाली. मग म्हणाली, आजची चादर तेवढी तुम्ही पिळा. मी पिळली. अर्धी. खांद्यात चमक भरली, आडवा झालो. पिळणं हे माझं काम नाही, माझं काम मूळ कारण शोधणं. हे मी पलंगावरून स्पष्ट केलं.

ती एवढंच म्हणाली, रविवार. रविवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मी बघते.

बघू दे. तिला स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवलाय हेही माहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
झाकणाच्या स्विचचा संशय आला. झाकण आपटून पाहिलं. तडा गेला. तकलादू माल. मागचं कव्हर एकदा खोलावं का, असा विचार क्षणभर आला. पण मग भिका बरोबर होता असा अर्थ निघतो. खोललं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. सायंकाळ
सकाळी फॅक्टरीत ब्रेकडाउन, जावं लागलं. चारला परतलो. हात धुतले, मशीनचं बटण सहज दाबलं.

फिरली!!

पूर्ण वेगानं. सू सू करत. मी तिथंच ओरडलो. टायमर फुंकला होता, त्याचा परिणाम उशिरा होतो, हे मला माहीत होतंच. पाटी सन्मानपूर्वक उतरवली. कल्पेशभाईंना खाली जाऊन सांगितलं. त्यांनी छान छान म्हटलं, पण बघत होते विचित्र. जळतात.

प्रमिलेनंही मनात कौतुक केलं असावं, कारण नारळाच्या वड्या केल्या होत्या. अप्रतिम. पाच खाल्ल्या. ती माझ्याकडे बघत बसली होती, प्रत्येक वडीगणिक.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळच्या मीटिंगमध्ये सर्व स्टाफला उदाहरण म्हणून सांगितलं. संयम. पद्धतशीर शोध. बाहेरच्या मेकॅनिकच्या नादी न लागणं. बारा मिनिटं बोललो. सगळे गंभीर.

शेवटी कोणाला प्रश्न आहे का विचारलं. भिकानं हात वर केला. साहेब, नारळ गोड निंघाला का?

रात्री ८
घरी विचारलं. प्रमिलेनं पेपरांतून मान वर न करता सांगितलं. काल मी गेल्यावर तिनं भिकाला फोन लावला. तो सांगत गेला, ती डाव्या हातानं करत गेली. मागचे चार स्क्रू. लाल कापड सुटून स्पिनच्या दांड्याला गच्च गुंडाळलं होतं आणि नारळ मोटरशेजारी अडकून बसला होता. दहा मिनिटं लागली. त्यातली सहा स्क्रू ड्रायव्हर शोधण्यात, तो तांदळाच्या डब्यात होता.

बोलण्यासारखं बरंच होतं. देवाच्या बाबतीत, भिकाच्या बाबतीत. पण तिनं पेन बदलायला पट्टीचा हात उचलला आणि परत खाली ठेवला. मनगट अजून सुजलेलंच आहे.

लाल पेन मी घेतलं. ती गुण सांगते, मी लिहितो. बेचाळीस पेपर आहेत. तिसऱ्या पेपरात एका मुलाचं उत्तर मला बरं वाटलं, अर्धा गुण वाढवू का विचारलं.

म्हणाली, सांगते तेवढंच लिहा. डोकं लावू नका.

नऊ पेपर झाले आहेत.