हिंगणीच्या पोरींविरुद्ध हरकत

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो. २–१. हिंगणीच्या पोरींकडून! सातवी-आठवीतल्या पोरी! आम्ही वडनेरच्या सतराखालच्या, त्या चौदाखालच्या, तरी आमच्याच गटात आणून आमच्यासमोर उभ्या केल्या. त्यांची नऊ नंबर — धुरपता नाव तिचं — माझ्या खांद्यालाही लागत नाही. दोन्ही गोल तिचे.

सुरुवातीलाच मी तिला खांदा दिला. नियमातला खांदा, बॉल पायाशी होता. ती पडली आणि सगळं वर्ध्याचं ग्राउंड माझ्या नावानं ओरडलं — "ए, लहान आहे न ते!" रेफरीनं फाऊल दिला. त्यानंतर आमच्यातली एकही पोरगी त्यांच्याजवळ जाईना. हाफटाइमला कैलास सर म्हणतात, "जपून खेळा पोरीओ, कोणाले लागलं त आपल्यावर येईन." मॅच संपल्यावर तेच कैलास सर — "लाज नाई वाटत? लेकरांकडून हरता?" एकाच तोंडानं! आणि मी कॅप्टन, म्हणून सगळ्यांसमोर मला.

जिंकलो असतो तर म्हणाले असते, लहान पोरींना हरवलं, त्यात काय मोठं. हरलो तर हे. मग खेळायचं तरी कसं?

१० नोव्हेंबर

अंकित भाऊ आहे की वैरी! "ताई, आता अंगणवाडीसंग मॅच ठेवा न." पाठीत धपाटा घातला. आईनं मलाच रागावलं.

१२ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर सरांनी थांबवून घेतलं. चौदाखालच्या मुलींत यंदा हिंगणी सोडून एकही टीम आली नाही म्हणे, म्हणून त्यांना वरच्या गटात घेतलं. पण त्यासाठी प्रत्येकीच्या घरचं संमतिपत्र लागतं. सर म्हणाले, "पाह्यले मी ते कागद. पुरे एकाच अक्षरातले. हरकत घे तू. कॅप्टनची सही लागते."

घेतली. सर मजकूर सांगत होते, मी लिहीत होती. एक वाक्य मात्र माझं — "लहान संघाला वरच्या गटात खेळू देणे हा दोन्ही संघांवर अन्याय आहे." सर म्हणाले, वा!

बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

१४ नोव्हेंबर

समितीपुढे बोलावलं. हिंगणीकडून त्यांना शिकवणाऱ्या पौर्णिमाताई आल्या होत्या. बावीस-तेवीसच्या असतील. सोबत धुरपता, शाळेच्या ड्रेसवर.

ताई म्हणाल्या, "पत्रं मीच लिहिली. आईबाप कापूस वेचणीले जातात, कोणाले लिहिणं येत नाई. पण सह्या, अंगठे त्याईचेच आहेत." खरंच निघालं. एक सोडून. समितीतल्या काकांनी धुरपताचा कागद वर धरला. "ताराचंद, तुझे वडील. ही सही त्यांची आहे?"

ती पंख्याकडे पाहत होती.

"माही आहे," म्हणाली.

पौर्णिमाताईंचं तोंड उतरलं. त्यांनाही माहीत नव्हतं. हिंगणी बाद. मॅच आम्हाला, सेमीफायनलला आम्ही. सरांनी सगळ्यांना समोसे दिले.

बाहेर नळावर ती पाणी पीत होती. मला पाहून तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमचा खांदा बरोबर होता. मी रेफरीले सांगतलं का फाऊल नोयता म्हणून. त्यानं ऐकलंच नाई."

हे मला आता काऊन सांगते! पाच दिवस झाले मी त्या फाऊलवर जळून राह्यली आणि एकटी हीच माझ्या बाजूनं बोललेली! रडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर अजून बरं. समोसा घरी आणून अंकितला दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सेमीफायनल हरलो. ४–०. आमच्याच वयाच्या पोरींकडून. कोणी काही बोललं नाही. ना सर, ना अंकित. हे चालतं!

येताना बसमध्ये दिपालीसोबत भांडण. आमची गोलकीपर ती, पहिलीपासूनची मैत्रीण. म्हणे, "मी दोन गोल खाल्ले न, माधवी? मी नाई गेली अर्ज घेऊन. चांगले गोल होते ते."

"सरांनी सांगितलं म्हणून दिला."

"सरांनी तुहा हात धरला होता का?"

हिंगणघाटला बस बदलली, तेव्हा मी दूरच्या सीटवर जाऊन बसली. 

१९ नोव्हेंबर

आज दिपाली स्वतः आली. तिनं पौर्णिमाताईंना फोन केला होता. धुरपताचं ग्राउंड बंद! सहीचं कळल्यावर बापानं बूट माळ्यावर टाकले. मोठ्या पोरी पाय मोडतील म्हणून त्यानं आधीच नाही म्हटलं होतं, तेव्हा हिनं स्वतः सही केली.

मी म्हटलं, मग खोटी सही करायची कशाला! दिपाली म्हणाली, "तूनं काय केलं असतं?"

राग येतो तिचा. कारण मी तेच केलं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हिंगणीला जाऊन आलो, मी आणि दिपाली. घरी क्लास सांगितला. हिंगणघाट, वर्धा, सेलू, दर ठिकाणी बस बदलली. हिंगणीला पोचलो तेव्हा दिपालीला उलटी.

धुरपताच्या बापाची पीठगिरणी आहे. ताराचंदकाका. भुवयांवर, कानांवर पीठ. मी नाव सांगितलं तर गिरणी बंद केली त्यांनी.

"तूच का ते? तुह्यामुळं समजलं मले. उपकार झाले."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, काका, तिला खेळू द्या.

"पोरगी खोटं बोलली, ते मी पाहून घेईन. पण तुमच्यासारख्या पोरी तिच्या अंगावर येतीन त? खरं सांग, तू गेलती का नाई?"

"गेली होती. जोरानं."

दिपालीनं मला चिमटा काढला.

"अन मंग?"

"पडली. उठली. मग दोन गोल मारले आम्हाला. काका, मी सतराखालची कॅप्टन आहे, अन मी तिले थांबवू शकली नाई. म्हणून अर्ज देल्ला. दुसरं काही कारण नोयतं."

हे मी मोठ्यानं बोलली. आधी स्वतःशीही बोलली नव्हती.

काकांनी पिठाचा डबा पुसून बाजूला ठेवला. दाराआड धुरपता उभी होती, तिला नाही बोलावलं. मग म्हणाले, "जानेवारीत कुठं आहे म्हणे स्पर्धा, पौर्णिमा सांगत होती. कागद आणा." दिपालीच्या वहीचं पान फाडलं. मी मजकूर लिहिला, त्यांनी दोनदा वाचायला लावला. सही केली — एकेक अक्षर सुटं, पानावर पिठाची बोटं. "पौर्णिमाले देऊन देजो."

बसमध्ये दिपाली माझ्या खांद्यावर झोपली. सरांवरचा राग तेवढा आहे. तो राहू दे.

२९ नोव्हेंबर

सर नाचत आले वर्गात. "पाह्य, तुह्या एका अर्जानं नियम बदलला!" समितीचं पत्र. जानेवारीच्या स्पर्धेपासून चौदाखालच्या संघांना वरच्या गटात प्रवेश नाही. चौदाखालच्या मुलींचा गट टीमअभावी रद्द. कारण म्हणून माझं ते वाक्य जसंच्या तसं छापलंय, आणि खाली माझं नाव, वडनेर.

हिंगणीला अजून माहीत नाही. फोन मलाच करावा लागेल.