करवतीला लागलेला चीक

कोहेई,

हाताची जखम नळाखाली नीट धू, भोवतीचा चीक साबणाने काढ आणि स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धर. मधेच उघडून बघू नकोस. पट्टी फडताळात आहे. बाबांसारखी जखमेवर तांदळाची दारू, साके, ओतू नकोस.

काल म्हणालास, "ताई, बाबांच्या पाइनच्या झाडाच्या जुन्या सुया काढताना कापलं." सुया आपण बोटांनीच खुडतो, बाबांनी कुठलंही हत्यार कधी लावू दिलं नाही. मग करवतीच्या दातांत ताजा चीक कुठून आला? घर विकत घ्यायचं म्हणून बघायला येणाऱ्या गृहस्थांना अंगण मोकळं हवंय का?

उद्या बाबा गेल्यापासूनचा एकोणपन्नासावा दिवस, त्यांचा विधी आहे. भिक्षूंशी बोलायला देवळात जातेय. भात झाकून ठेवलाय. करवत मी बरोबर नेली आहे.

नात्सुए