तिन्ही गिटारी गेल्या

सातारा, १९४६. मंगळवार, दिवेलागण.

तिन्ही गिटारी आज गेल्या. वाटलं होतं, जीव तुटेल. तसं काही झालं नाही.

कलकत्त्याला बँडात असताना हौसेनं जमवलेल्या, मांडीवर आडव्या घेऊन वाजवायच्या हवाइयन गिटारी. खांदा धरल्यापासून नुसत्या भिंतीला टेकून होत्या. उद्या पुण्याचा व्यापारी येऊन नेणार होता. पण सकाळी इस्लामपूरचा तुकाराम आला. पलटणीतून सुटलेला, पूर्वी सतार शिकवायचा. डावा हात खिशातून काढीचना.

"नुसतं बघून जातो, मास्तर. दोन बोटं ब्रह्मदेशात ऱ्हायली. आता तार दाबता येत न्हाई."

मी एक गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि लोखंडी कांब त्याच डाव्या हातात दिली. म्हटलं, "दाबायचं नाहीच गड्या. तारांवरून नुसती सरकव."

आधी खरखर झाली. मग एक लांब मींड निघाली आणि तो थबकलाच. "सतारीवाणी येतीया की! बोटं लागतच न्हाईत व्हय?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, आणि त्या हाताकडं बघत होता.

तिन्ही त्याला देऊन टाकल्या, परवडेल त्या भावात. सांगलीत शिकवणी काढणार म्हणतो. व्यापारी चिडेल. मूर्खपणा झाला का? झाला असेल.

गिटारी बैलगाडीत चढवल्या, तेवढ्यात आमची ही बाहेर आली. हिला या आवाजाचा जन्मभर वैताग.

"आवं, त्यांना म्हणावं, जाताना आणिक एकदा वाजवा."

तो गाडीतच मांडी घालून बसला. गाडीवानानं जुंपलेले बैल सोडले.