धातूंच्या फोटोंचा परीक्षक

३ जानेवारी २०२५, सकाळी
लातूरच्या कॅमेरा क्लबनं मला परीक्षक केलं. विषय: 'धातू, अगदी जवळून'. माणूस बरोबर निवडला. आयुष्यभर भांड्यांचं दुकान चालवलं. पितळ कोणतं आणि नुसतं पॉलिश कोणतं, लांबून सांगतो. आता अमरनाथला कळेल बापाची नजर काय आहे. दिवाळीपासून चिरंजीव गल्ल्यावर बसू देत नाहीत. कारण काय, तर आहेराच्या भगुण्यांवर मी दुसऱ्याच घरचं नाव टाकलं. गिऱ्हाईकच घाई करत होतं.
संकल्प: स्पर्धा झाली की गल्ला परत घ्यायचा. शिवाय बायकोच्या, बसम्माच्या नावाची घागर सोमवारी मठात देऊन टाकायची. ती गेली त्याच आठवड्यात मी स्वतः नाव टाकून ठेवलंय.

६ जानेवारी, सोमवार
घागर दिली नाही. रिक्षा मिळाली नाही.
सूनबाई शिल्पा म्हणाली, अप्पा, जीव होत नसंल तर ऱ्हाऊ द्या की. म्हटलं, जीवाचा काय संबंध? बायको गेली, मी सावरलो. एकदा तरी रडलो का?

९ जानेवारी
फोटो आले. नावं झाकलेली, नुसते नंबर. बरेचसे भंगार. एकाचा फोकस हललेला. एकात चांदीच्या वाटीत फोटो काढणाऱ्याचंच नाक. गंजलेलं कुलूप मात्र फर्स्टक्लास, गंजाचा कण न् कण दिसतो.
नंबर सतरा: पितळेवर ठिपक्यांनी टाकलेल्या नावाचा तुकडा. फोटो स्वच्छ आहे, मान्य. पण ठिपके वेडेवाकडे, मध्येच पोचा. दहापैकी दोन. शेरा लिहिला: नाव टाकणाऱ्याचा हात थरथरतोय. अशा माणसाला दुकानात उभं करू नये.
शेरा झकास जमला. पुन्हा वाचला.

१३ जानेवारी, सोमवार
उद्या संक्रांत. मठात गर्दी असणार. घागर पुढच्या सोमवारी, नक्की.
अमरनाथला म्हटलं, बक्षीस समारंभाला ये. तर म्हणे, दुकान हाय की अप्पा. पण शेवटी 'हाव, येतो' म्हणाला.

१९ जानेवारी, संध्याकाळी
समारंभ झाला. क्लबच्या सेक्रेटरींनी एकेक फोटो पडद्यावर दाखवून माझा शेरा माइकवर वाचला. लोक हसले. सतरा नंबरला सगळ्यात जास्त. मीही हसलो. मग फोटोखाली नाव आलं: शिल्पा. शीर्षक: 'आमच्या अव्वांची घागर'. घरात बसम्माला सगळे अव्वाच म्हणायचे.
अमरनाथ हसत नव्हता.
बाहेर आल्यावर शिल्पा म्हणाली, अप्पा, तुमचा हात तसा झालता म्हनूनच फोटो काढला ओ. मला तेच लई आवडलं.
मी म्हटलं, फोटो तपासताना डोक्यावर लाइट फार होता.

२० जानेवारी, सोमवार
घागर कपाटावरून उतरवली. चष्मा न लावता बोटांनी बघितली. पहिल्या अक्षरापासूनच हात थरथरलाय. त्या दिवशी मशीन बिघडलं होतं, असं लिहिणार होतो. मशीन चांगलं होतं. बसम्माची फार आठवण येते.
अमरनाथनं दुकानाची किल्ली पुढं केली. म्हणाला, चला अप्पा, नुसतं बसा तरी. म्हटलं, तू जा. परीक्षकांनी नको म्हटलंय.
घागर दिली नाही. रिक्षा दारातच उभी होती.