बाबांचा हॅडल

१७ ऑगस्ट, रायस्वाइक
बाबा आले. स्किपॉल विमानतळावर घ्यायला आम्ही तिघं, माझा नवरा निखिल, इरा आणि मी. सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडले. ट्रॉलीमागे बारीक बारीक पावलं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मला हसूच फुटलं. म्हटलं, उतरल्या उतरल्या हॅडल!

निखिलला काही कळेना. गाडीत त्याला सगळं सांगितलं. मिस्टर हॅडल म्हणजे इंग्रजी मालिकेतला, रेल्वे स्टेशनवर हरवलेलं सामान सांभाळणारा कारकून. टोपी कानापर्यंत, बूट दोन नंबर मोठे. ते निसटतील या भीतीने पाय न उचलता चालणारा. माझ्या लहानपणी रविवारी टीव्हीवर लागायचा, आणि सोसायटीच्या गणपतीत बाबा त्याची नक्कल करायचे. एरवी टेलिफोन खात्यातले कडक साहेब, जिन्यात दिसले की मुलं आवाज बंद करायची. ती एक संध्याकाळ मात्र आख्खी सोसायटी लोळायची. आई व्हायची मिस फिंच, छत्री हरवलेली बाई.

आई गेल्यापासून हॅडल नाही. तीन गणपती झाले.

बाबा मागच्या सीटवर गप्प होते. प्रवासाचा शीण असणार.

२१ ऑगस्ट
घरून काम. खाली आजोबा-नातीची जुंपलेली. इराला हॅडल फक्त कार्टूनमधला माहीत. डच बोलतो, ‘मेनेर हॅडल’, उड्या मारतो, कपाटावर चढतो. बाबा म्हणाले, हा तो नव्हेच. मग तिला पहिल्यापासून सांगायला बसले. आधी हॅडल रेडिओवर होता, चेहराच नव्हता त्याला. बाबा नोकरीला लागले तेव्हा खोलीवर शॉर्टवेव्ह लावून ऐकायचे. नुसती कुरकुर, खोकला आणि बूट घासल्याचा आवाज. टीव्हीवर आला तेव्हा बोलणं जवळपास बंद, सगळं चालण्यात. मग सिनेमे. मग नट थकला, तर कार्टून आलं, आवाज तेवढा त्याचा.

इराने डचमध्ये विचारलं, मग खरा कुठला? मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, ‘आपण पहिल्यांदा पाहिला तो.’

पोरगी अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, तोंडून शब्द येत नाही. पण आज तासभर बसली होती त्यांच्यापाशी.

३१ ऑगस्ट
रविवार. मुद्दाम हॅडलचा जुना सिनेमा लावला, सामानाच्या खोलीत बोकड सापडतो तो. आम्ही तिघं हसून बेजार. बाबांचा चेहरा जसाच्या तसा. एकदाही ओठ हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, ‘छान होता.’

वाईट वाटलं. एवढं हौसेने लावलं. नि. म्हणतो, आईंची आठवण येत असेल, सोड. असेल.

बाकी पोहे निवून गोळा होतात इतका वेळ खातात. शर्टाची बटणं लावायला मदत नको म्हणतात.

१५ सप्टेंबर
रॉटरडॅमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकाने बातमी दाखवली. हॅडल करणारा नट शेवटचा रंगमंचावर येतोय, दौऱ्यात रॉटरडॅमही आहे. यानंतर तो थांबणार, हॅडल कुणी तरुण नट करणार. तिथल्या तिथे चार तिकिटं काढली.

घरी सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, ‘तोच आहे ना? दुसरा कुणी नाही ना?’

२७ सप्टेंबर
दुपारचा प्रयोग.

पडदा वर गेला तेव्हा हॅडल काउंटरमागे खुर्चीवर. पहिला अर्धा भाग बसूनच. म्हातारा झालाय हो. पण टोपी नीट करायची ती पद्धत, दोन बोटांनी, मागून. मला एकदम आमचा हॉल आठवला, सतरंजी, आईने भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्या भागात उठला आणि चालला. थिएटर उभं राहिलं. चाल तशी राहिली नव्हती, त्याला तोल सांभाळावा लागत होता. तरी आख्खं थिएटर उभं. बाबा उभे राहिले नाहीत. ते मान वाकडी करून त्याच्या पायांकडे बघत होते. एकटक.

परतताना स्टेशनवर गाडी आली. बाबा दाराशी पोचले आणि थांबले. पाऊल उचलेना. मागे माणसं. मी म्हटलं, बाबा चला. ते म्हणाले, ‘चालतोय.’ पण पाय हलेना. इराने हात धरून ओढलं तेव्हा कुठे आत आले.

रायस्वाइकला उतरून ते पुढे चालत होते, मी मागे. डावा हात अंगाला चिकटलेला, हलतच नाही. बारीक पावलं, घासत. तेव्हा लक्षात आलं. ते हॅडल करत नव्हते. आल्या दिवसापासून करत नव्हते.

३० सप्टेंबर
आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांत आहेत, पाहुण्यांनाही बघतात. बाबांना पॅसेजमधून चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, एक वाक्य लिहायला सांगितलं. बाबांनी मराठीत लिहिलं. सुरुवातीची अक्षरं त्यांची, ठसठशीत. शेवटी शेवटी मुंगीएवढी. वास येतो का विचारलं. बाबा म्हणाले, वर्षभर कॉफीचा येत नाही.

त्या म्हणाल्या, पार्किन्सन्स वाटतो, पण खात्री न्यूरॉलॉजिस्टच देईल, पुण्याला गेल्यावर लगेच दाखवा. चेहरा न हलणं हाही त्यातलाच भाग. म्हणजे बाबा त्या सिनेमाला हसत होते कदाचित. आम्हाला दिसलं नाही एवढंच.

बाहेर बाकावर बसलो. बाबांना आधीच अंदाज होता. सोसायटीतल्या एकांचं असंच झालेलं त्यांनी पाहिलंय.
मी म्हटलं, ‘सांगायचं ना बाबा.’
‘सांगितलं असतं तर तुझ्या भावाने इकडे येऊ दिलं असतं?’

३ ऑक्टो.
अमितचा फोन. पुण्यात बाबांबरोबर तोच राहतो, त्यामुळे त्याला आधी कळायला हवं होतं असं त्याला वाटतं, आणि तो चिडला की माझ्यावर चिडतो. तिकीट बदल, आत्ता पाठव. मी म्हटलं, बरं. बाबांनी फोन मागून घेतला. आठ नोव्हेंबरचं तिकीट आहे, आठ नोव्हेंबरला येईन. फोन परत माझ्या हातात.

८ ऑक्टोबर
बुधवार, इराची अर्धी शाळा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांकडून काहीतरी हवंय. इराने परस्पर नाव देऊन टाकलं. ती आणि आजोबा, मिस्टर हॅडल. मला जेवताना कळलं.

मी सरळ नाही म्हटलं. जरा जोरातच. इरा उठून वर गेली. मी बाबांना म्हटलं, लोक तुमच्या चालण्याला हसतील, मला बघवणार नाही.
बाबा वरणभात कालवत होते. म्हणाले, ‘सुजू, एरवी हे पाय मला नेतात. हॅडल करतो तेव्हा मी त्यांना नेतो. खरंच सांगतो. परवा खोलीत करून बघितलं.’
मग म्हणाले, ‘आणि मिस फिंच तयार आहे म्हणते.’

वर जाऊन इराची समजूत काढली.

१५ ऑक्टो.
तालमी चालू. कॉलला बसते पण कान खालीच. इरा डचमध्ये एक-दोन मोजत ताल देते, एन-त्वे, एन-त्वे, आणि बाबा त्यावर पाऊल टाकतात. खरंच सरळ चालतात. नुसतं ‘चला जेवायला’ म्हटलं की पुन्हा चिकटतात.

वाद चालू असतात. इराला उड्या हव्या आहेत. बाबा म्हणतात हॅडल घाईच करत नाही, बूट जाईल ना. इरा म्हणते पण ते बोअर आहे. बाबा म्हणतात बोअर असू दे, लोकांना वाट बघू दे. मधे कुणी भाषांतर करत नाही.

टोपी नि.ने आणली, सेकंडहॅण्डच्या दुकानातून. आईची छत्री पुण्यात. माझी दिली.

२५ ऑक्टोबर
कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल, फराळाचे डबे, दीडशेक माणसं. आमचा नंबर लेझीमनंतर.

बाबा आले. टोपी, नि.चा लांब कोट. पहिल्या पावलालाच हॉल हसला. मागच्या रांगेतून एका काकूंनी शेजारणीला सांगितलं, अगं हा हॅडल, आपल्या वेळचा. वयस्कर मंडळी पुढे सरकून बसली. मला वाटत होतं उठून जावं. बसले.

मधे काउंटरपाशी जाऊन छत्री शोधायची होती. बाबा दोन टेबलांच्या फटीत आले आणि थांबले. गाडीच्या दारात थांबले होते तसे. हॉल हसतोय, लोकांना वाटतंय नक्कल आहे. मला दिसत होतं, गुडघे थरथरत होते. नि.ने माझा हात घट्ट धरला. इरा मिस फिंच होऊन उभी. तिने ठरलेलं वाक्य सोडलं, छत्री उलटी केली आणि जमिनीवर आपटायला लागली. ठक, ठक, ठक. वैतागलेल्या बाईसारखी. आणि मग मोठ्याने, मराठीत, ‘मी दिवसभर थांबू का इथे?’

बाबांचं पाऊल उचललं. ठकठकीवर चालत आले, टोपी काढली आणि तिला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार स्क्रिप्टमध्ये नव्हता.

टाळ्या थांबेनात. मी हसले की रडले, नि.ला विचारायला हवं. चिवडा खाताना एक गृहस्थ बाबांना म्हणाले, काय हुबेहूब जमते हो तुम्हाला चाल. बाबा म्हणाले, ‘सराव आहे.’

२६ ऑक्टो.
सकाळी बाबा उशिरा उठले, दमलेत. इरा त्यांच्या पलंगावर आयपॅड घेऊन. मी विचारलं, ते वाक्य कुणी शिकवलं? कुणी नाही. ती म्हणाली, ‘आजोबांना डच ऐकू आलं नसतं गडबडीत.’ हेही डचमध्ये.

अमितला व्हिडिओ पाठवला. तासाभराने उत्तर: आई असती तर. एवढंच.

८ नोव्हेंबर
बाबा गेले. सुरक्षातपासणीच्या रांगेत वळून हात केला, मग गर्दीत दिसेनासे झाले. इराने घरी आल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी चादरी काढायला गेले नाही. उद्या.

१९ नोव्हेंबर
अमितचा फोन, अर्धा तास, न चिडता. न्यूरॉलॉजिस्टनेही तेच सांगितलं. गोळ्या सुरू. फरक पडेल, किती आणि किती वर्षं ते प्रत्येकाचं वेगळं. बाबा सकाळी जिन्यात रेलिंग धरून चढउतार करतात. खालच्या मजल्यावरची मुलं मोजून देतात म्हणे.

बाबांशी बोलले. आवाज बारीक झालाय की फोन तसा होता, कळलं नाही. इथे कायमचं आणता येत नाही हे त्यांना माहीत आहे, मीच दोनदा चौकशी करून सांगितलंय. म्हटलं, उन्हाळ्यात परत या, व्हिसाचं मी बघते. ते म्हणाले, ‘बघू. तिकडे जुलैत ऊन असतं ना?’ असतं म्हटलं, कधी कधी. मग इराला दे म्हणाले. तिने फोन घेतला आणि बाहेर अंगणात गेली, मला ऐकू येऊ नये म्हणून. काचेतून दिसत होती, हातवारे करत होती.

ऑफिसात जुलैची रजा टाकली. मॅनेजर म्हणाला, इतक्या आधी? मी म्हटलं, हो.